शाळा नसलेल्यांची सहल

शाळेची सहल निघते तेव्हा आईवडिलांकडे काम फार थोडे असते. पहाटे उठून डबा भरायचा, टोपी आणि पाण्याची बाटली शोधून द्यायची, फॉर्मवर सही करायची आणि संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभे राहायचे. बस कोणी ठरवली, तिकिटे कोणी काढली, कोणाला गाडी लागली आणि कोणाचा बूट हरवला, हे सारे बाई आणि सर निस्तरतात. ज्या घरातले मूल शाळेतच जात नाही, त्या घरी मात्र सहल आपोआप उगवत नाही. ती कोणीतरी उभी करावी लागते, आणि बहुतेक वेळा ती एखादी आईच उभी करते.

मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबे आपल्याकडे थोडी आहेत, पण आता ती अगदीच अपवाद राहिलेली नाहीत. पुणे, मुंबई, बंगळूर या शहरांत त्यांचे गट आहेत, तसेच दिल्लीच्या आसपासही आहेत. कोणी मुलाच्या प्रकृतीमुळे हा मार्ग धरतो, कोणी वारंवारच्या बदल्यांमुळे, तर कोणाला शाळेची घोकंपट्टी नको असते. कारण कोणतेही असो, नातेवाइकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "अहो, पण त्याला मित्र कुठून मिळणार?" हा प्रश्न टोचतो, कारण तो खरा आहे. गणित घरी शिकवता येते, भाषा शिकवता येते, अगदी विज्ञानातले निम्मे प्रयोग स्वयंपाकघरात करता येतात. पण भांडायला, समेट करायला आणि हळूच कानात काही सांगायला दुसरे मूलच लागते. घरशाळेतल्या कुटुंबांची सामुदायिक सहल म्हणूनच केवळ मौज नसते. मुलाच्या आठवड्यातली ती सर्वांत मोठी गोष्ट असते, आणि ती फिसकटली तर तोटाही तसाच मोठा होतो.

फरीदाबादसारख्या गावात अशी सहल काढायची तर काय काय पाहावे लागते, ते या वेळी पाहू. हरियाणातले हे कारखान्यांचे शहर दिल्लीला चिकटलेले आहे. नोकरीनिमित्ताने मराठी माणसेही इथे येऊन राहतात. 'इथे पाहण्यासारखे काय आहे?' असे पुष्कळांना वाटते. तसे वाटण्याचे काही कारण नाही.

मेट्रो ही यांची बस

आधी प्रवासाचे. दिल्ली मेट्रोची जांभळी मार्गिका ६ सप्टेंबर २०१५ रोजी बदरपूरहून एस्कॉर्ट्स मुजेसरपर्यंत आली आणि १९ नोव्हेंबर २०१८ रोजी बल्लभगढच्या राजा नाहरसिंह स्थानकापर्यंत पोहोचली. १८५७ च्या उठावात सामील झाल्याबद्दल इंग्रजांनी ९ जानेवारी १८५८ रोजी चांदणी चौकात ज्यांना फाशी दिले, ते हे बल्लभगढचे राजे. त्याच्या आधीचे स्थानक सीही. ते संत सूरदासांचे जन्मगाव मानले जाते आणि स्थानकाला त्यांचेच नाव आहे. दुसऱ्या टोकाला हीच गाडी जंतरमंतरजवळच्या जनपथ स्थानकावरून, आयटीओ, दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किल्ला अशी थेट काश्मिरी गेटपर्यंत जाते. म्हणजे एकदाही गाडी न बदलता एका दिवसाच्या दहाबारा सहली निघतील. खासगी बस ठरवण्याचा मोह आवरावा. बसला आगाऊ रक्कम द्यावी लागते, आदल्या रात्री दोन कुटुंबे गळतात आणि उरलेल्यांच्या डोक्यावर भाडे वाढते. मेट्रोत ज्याचे त्याचे तिकीट. नव्वद सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीटही लागत नाही.

एक अडचण मात्र आहे. गाडीचा पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो. आयांनी मुलांना घेऊन तिकडे धाव घेतली, की सोबत आलेले दोघे बाबा एकटे मागच्या डब्यात राहतात आणि उतरताना सगळ्यांची चुकामूक होते. तेव्हा सर्वांनी एकाच साध्या डब्यात चढावे, आणि तो डबा कोणता हे फलाटावर येण्याआधीच ठरवावे.

मुलांना एक नियम तोंडपाठ करून द्यावा. दार लागले आणि तू गाडीत राहिलास, तर पुढच्याच स्थानकावर उतर आणि उतरलास तिथेच उभा राहा. तू फलाटावर राहिलास आणि आम्ही गाडीत गेलो, तरी तिथेच उभा राहा. दोन्ही वेळा हलायचे मुलाने नाही, मोठ्यांनी. घरून निघण्यापूर्वी हे एकदा नाटक करून दाखवावे. मुलांना ते फार आवडते आणि लक्षातही राहते. प्रत्येकाच्या खिशात नाव आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. एका नंबरावर विसंबू नये, गर्दीत फोन नेमका पर्समध्ये वाजत राहतो.

किती मुले न्यावीत? बारा ते पंधरा पुरे. घरशाळेच्या गटात पाच वर्षांचे पिल्लू आणि चौदा वर्षांचा दादा एकत्रच असतात, त्यामुळे शाळेचे हिशेब इथे चालत नाहीत. चार मुलांमागे एक मोठे माणूस, आणि सहा वर्षांखालच्या मुलासोबत त्याच्या घरचे कोणी, असे धरून चालावे. मोठ्या मुलाला लहानाचा हात धरायला द्यावा. मात्र जबाबदारी त्याच्यावर सोडू नये, तोही मूलच आहे.

पत्र कोणाच्या सहीने?

पहिल्या दोन सहली सुरळीत पार पडल्या, की तिसऱ्या वेळी खिडकीवरचा माणूस विचारतो, "शाळेचे पत्र आणले आहे?" पुष्कळ संग्रहालये आणि कारखाने विद्यार्थ्यांच्या गटाला सवलत किंवा परवानगी देतात ती मुख्याध्यापकांच्या पत्रावर. इथे मुख्याध्यापक आहेत कोण? काही पालक ओळखीच्या शाळेचे कोरे पत्र मिळवतात. ते करू नये. आज सवलत मिळेल, उद्या काही अपघात झाला तर त्या शाळेचे आणि आपलेही काय होईल याचा विचार करावा. त्याऐवजी साध्या कागदावर खरे लिहावे. आम्ही इतकी कुटुंबे मुलांना घरी शिकवतो, अमुक तारखेला इतकी मुले आणि इतके पालक येऊ इच्छितो, सोबत नावे व वये जोडली आहेत, खाली सर्व पालकांच्या सह्या. असे पत्र दोन आठवडे आधी स्वतः नेऊन दिले तर बहुतेक ठिकाणी माणसे कुतूहलाने चौकशी करतात आणि वाटही काढून देतात. नाहीच सवलत मिळाली तर पूर्ण तिकीट काढावे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये तर पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीटच नसते. वयाचा दाखला म्हणून आधारकार्डाची प्रत जवळ असली म्हणजे झाले.

याच खिडकीशी कधी कधी दुसरा प्रश्न येतो, "हे कायदेशीर आहे का?" मुलांसमोर वाद घालत बसू नये, पण उत्तर ठाऊक असावे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण देण्याची सक्ती त्यात मुख्यतः सरकारवर आहे. कलम १० मध्ये मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, परंतु ते न केल्यास पालकांना शिक्षा काय, हे कायद्यात लिहिलेले नाही. घरशाळा या दोहोंच्या मध्ये उभी आहे. दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून देता येते, त्यासाठी चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. ही संस्था १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल या नावाने सुरू झाली आणि तिचे मुख्यालय शेजारी नोएडातच आहे. इतके सांगितले की समोरचा माणूस बहुधा निरुत्तर नाही झाला, तरी शांत होतो.

एक खांब, एक दिवस

नवख्या गटाची हमखास चूक म्हणजे एका दिवसात चार ठिकाणे. लाल किल्ला, मग राजघाट, मग बाहुल्यांचे संग्रहालय, आणि जमले तर इंडिया गेट! संध्याकाळी मुलांना आठवते ती फक्त कुल्फी. त्यापेक्षा एकच गोष्ट घ्यावी आणि तिच्याभोवती पंधरा दिवस घालवावेत.

उदाहरणार्थ फिरोजशाह कोटला. दिल्ली गेट किंवा आयटीओ स्थानकावर उतरले की थोड्या अंतरावर हा पडका किल्ला आहे. त्यात एका तीनमजली दगडी इमारतीच्या माथ्यावर सम्राट अशोकाचा सुमारे तेरा मीटर उंचीचा अखंड स्तंभ उभा आहे. तो मूळचा इथला नव्हे, हरियाणातल्याच यमुनानगर जिल्ह्यातल्या टोपरा गावचा. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशाह तुघलकाने तो दिल्लीला आणवला. कसा आणला, याचे वर्णन शम्स सिराज अफीफ नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. स्तंभाच्या पायाशी सावरीच्या कापसाच्या राशी घातल्या, पाया खणला आणि स्तंभ अलगद त्या कापसावर निजवला. मग कापूस हळूहळू काढून घेतला. बोरू आणि कच्च्या कातड्यांत स्तंभ गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला, प्रत्येक चाकाला दोर बांधून शेकडो माणसांनी ओढत यमुनेपर्यंत नेला आणि तिथून मोठ्या होड्यांवरून राजधानीत. हे सारे घडले तेव्हा अफीफ बारा वर्षांचा होता. म्हणजे आपल्या गटातल्या मोठ्या मुलांएवढा! हे ऐकून मुलांचे चेहरे पाहावेत.

सहलीच्या आधीच्या आठवड्यात घरी एक लाटणे उभे करून ते न आपटता आडवे कसे करायचे, हा खेळ द्यावा. उशा, दोऱ्या, गाडीची चाके, काय हवे ते वापरू द्यावे. लहानांनाही त्यात भाग घेता येतो आणि मोठ्यांना तरफ, भार, घर्षण हे शब्द कळतात.

पुढचा भाग लिपीचा. सुलतानाने पंडितांना बोलावले, पण स्तंभावरचा लेख कोणालाच वाचता येईना. ती ब्राह्मी लिपी विस्मरणात गेली होती. १८३७ मध्ये कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली, आणि त्यांच्या अभ्यासात या स्तंभावरचा लेख महत्त्वाचा होता. ब्राह्मीतला 'क' म्हणजे अगदी बेरजेचे चिन्ह. 'ठ' म्हणजे नुसते वर्तुळ. 'थ' म्हणजे वर्तुळात टिंब. आपला आजचा 'ठ' पाहा, पोटातले ते वर्तुळ अजून तसेच आहे. मराठी लिहू लागलेल्या मुलाला ही गंमत चटकन कळते. दिल्लीकडे वाढणाऱ्या आणि मराठी फक्त आईशी बोलणाऱ्या मुलांना तर देवनागरीची ओढ लावायला याहून चांगले निमित्त शोधून सापडणार नाही. ब्राह्मीत स्वतःचे नाव लिहायला मुले तासन्‌तास बसतात.

ही अक्षरे घरीच काढून घ्यावीत. स्तंभ इमारतीच्या माथ्यावर आहे, खालून लेख नीट वाचता येत नाही, आणि 'अक्षरे दाखवतो' म्हणून नेलेले मूल हिरमुसते. आणखी दोन व्यावहारिक गोष्टी. दर गुरुवारी या किल्ल्यात भाविक येतात, पडक्या खोल्यांतून दिवे लावतात आणि इथल्या जिनांना उद्देशून अर्ज लिहून ठेवतात. ते पाहण्याजोगे आहे, पण पंधरा मुलांना घेऊन नव्हे, आणि दुसऱ्याच्या प्रार्थनेकडे बोट दाखवून हसणाऱ्या मुलांना तर नव्हेच. शेजारीच अरुण जेटली क्रिकेट स्टेडियम आहे, पूर्वीचे फिरोजशाह कोटला मैदान. सामन्याचा दिवस असेल तर त्या बाजूला फिरकू नये.

पाऊस किंवा कडक ऊन निघाले तर बहादूरशाह जफर मार्गावरचे शंकर यांचे बाहुल्यांचे संग्रहालय जवळ आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी ते १९६५ मध्ये उघडले. सोमवारी ते बंद असते. दिल्लीतली बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, प्राणिसंग्रहालय मात्र शुक्रवारी. शाळा नसल्याचा एक लाभ इथे आहे, बाकी सारे गर्दी करतात त्या रविवारी जाण्याची यांना गरज नाही. मंगळवारी सकाळी साडेदहाला संग्रहालय कसे रिकामे असते, ते एकदा जाऊन पाहावे.

घराजवळचे आधी

लांब जाण्याच्या हौसेत फरीदाबाद राहून जाते. न्यू इंडस्ट्रियल टाऊन, म्हणजे लोकांच्या तोंडी 'एनआयटी', हा भाग फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी वसवला. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली विकास मंडळ नेमले होते, कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि बन्नू, डेरा इस्माईलखानकडून आलेल्या माणसांनी आपली घरे आपल्याच हातांनी बांधली. एल. सी. जैन यांनी त्यावर 'द सिटी ऑफ होप' हे पुस्तक लिहिले आहे. तेथील बी.के. चौक म्हणजे बादशाह खान चौक, खान अब्दुल गफारखानांच्या नावाचा, हे तिथून रोज जाणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. त्या निर्वासितांची मुले आज सत्तर-पंचाहत्तरीत आहेत. एखाद्या आजोबांची आधी परवानगी घेऊन चार-पाच मुलांनी त्यांच्याकडे जावे, सहा प्रश्न लिहून न्यावेत आणि उत्तरे टिपावीत. या सहलीला तिकीट नाही, प्रवास नाही. आजोबा थकले की उठावे, चहाचा आग्रह झाला तरी.

सूरजकुंड तर सर्वांना ठाऊक आहे ते मेळ्यामुळे. १९८७ पासून भरणारा हा हस्तकलेचा मेळा दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास असतो. २०१९ मध्ये महाराष्ट्र त्याचे मानकरी राज्य होते. मेळ्यात शनिवार-रविवारी मुले नेऊ नयेत, गर्दीत फक्त माणसांच्या पाठी दिसतात. वारी सकाळी दार उघडताच गेले तर विणकर, कुंभार, लाखेच्या बांगड्या करणारे निवांत असतात आणि मुलांना हात लावू देतात. मेळ्याला नाव देणारे दहाव्या शतकातले ते अर्धवर्तुळाकार पायऱ्यांचे कुंड मात्र पुष्कळजण पाहतच नाहीत. ते तोमर राजा सूरजपालाचे समजतात. तिथून दोनेक किलोमीटरवर अनंगपूर गावापाशी त्याच तोमर काळातला दगडी बांध आहे. पाणी कोठून येई, कोठे अडे, हे मुलांनी नकाशावर बोट फिरवून शोधावे. आणि मग विचारावे की बडखल तलाव आटला कसा? कधीकाळी होड्या चालणारा हा तलाव या शतकाच्या आरंभी कोरडा पडला आणि तो पुन्हा भरण्यासाठी पुढे सरकारला मोठी योजना हाती घ्यावी लागली.

मराठी घरांसाठी आणखी एक. १७५७ च्या आरंभी अहमदशहा अब्दाली दिल्लीवर आला तेव्हा त्याच्या फौजेला तोंड द्यायला इथे फरीदाबादच्या परिसरात उभे होते ते अंताजी माणकेश्वर, अगदी थोड्या सैन्यानिशी. पानिपत प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. आपण राहतो त्या गावात चार वर्षे आधी काय झाले, हे ठाऊक नसते.

अरवलीत जाताना

अरवलीच्या टेकड्या शहराला लागूनच आहेत. आसोला-भट्टी अभयारण्यात नीलगायी दिसतात, फुलपाखरे तर भरपूर. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथे निसर्गशिक्षणाचे बरेच काम केले आहे. जाण्यापूर्वी वनखात्याकडे वेळ आणि परवानगीची चौकशी करावी. २००७ पासून दिल्ली शहरातली माकडे पकडून इकडे सोडली गेली. त्यामुळे डबा आत उघडायचा नाही, बिस्किटाचा पुडा हातात धरायचा नाही. खाणे आधीच उरकून घ्यावे. माकडाने बोचकारले तर जखम साबणाने भरपूर वेळ धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे सोबतच्या प्रत्येक मोठ्याला माहीत असावे.

मांगर गावची 'बणी' म्हणजे आपल्याकडची देवराई. गावकरी तिथली काटकीही मोडत नाहीत, म्हणून आजूबाजूला वेडी बाभूळ माजली असता इथे धौ नावाचा मूळचा वृक्ष टिकून राहिला. गावात विचारून, शांतपणे जावे. पाने गोळा करण्याची वही घरी ठेवावी, चित्र काढायची न्यावी.

आणि एक कडक सूचना. या टेकड्यांत जुन्या खाणींचे खोल खड्डे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये इथल्या खाणी थांबवल्या, खड्ड्यांत पाणी साचले आणि निळेशार तलाव झाले. छायाचित्रांत ते फार सुंदर दिसतात. काठ उभा तुटलेला, पाणी एकदम खोल आणि वाचवायला कोणी नाही. पोहायला उतरलेली कितीतरी तरुण मुले तिथे बुडाली आहेत. मुलांची सहल त्या तलावांवर नेऊ नये. लांबून पाहण्यासाठीही नाही. गटातल्या कोणी 'आम्ही गेलो होतो, काही होत नाही' म्हटले तरी नाही.

हवेचेही तसेच. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत या भागात धूर आणि धुके मिळून श्वास घेणे कठीण होते, शाळासुद्धा बंद ठेवतात. दम्याचे मूल गटात असेल तर त्या महिन्यांत घरातल्या भेटीच ठेवाव्यात. मैदानी सहली सप्टेंबर-ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्चसाठी राखाव्यात.

भांडणे होतात ती कशावरून

असे गट मोडतात ते सहसा अपघाताने नाही. ते मोडतात शंभर-दोनशे रुपयांवरून आणि एका वाक्यावरून.

पैशांचे आधी बोलू. समजा सहा कुटुंबे आहेत, आणि तिकिटे, कार्यशाळेची फी, फळे यांचा खर्च एकीने केला. ती संकोचाने मागत नाही, दोघी विसरतात, तिसरी म्हणते आमचे एकच मूल होते. चार सहलींनंतर ती बाई आजारी असल्याचे कळवते आणि पुन्हा येत नाही. याला उपाय साधा आहे. खर्चाचा अंदाज आधी सांगावा, पैसे आधी जमा करावेत, जमा एकीकडे आणि खर्च दुसरीकडे द्यावा, आणि त्याच रात्री हिशेब गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावा. आगाऊ भरलेली फी आदल्या दिवशी येणे रद्द केल्यास परत मिळणार नाही, हेही आधी लिहून टाकावे. ज्या घराला परवडत नाही त्याचा वाटा इतरांनी कसा उचलायचा, ते दोघींनीच ठरवावे. सर्वांसमोर चर्चा नको.

वाक्याचे अवघड आहे. "तुमचा मुलगा जरा जास्तच दांडगा आहे हं." घरशाळेत शिकवणाऱ्या आईच्या मनावर आधीच ओझे असते. मुलाचे जे काही बिघडेल ते तिच्या हट्टामुळे बिघडले, असे सांगणारे सासरी-माहेरी पुष्कळ असतात. तेच गटातल्या मैत्रिणीने म्हटले, तर तिला जायला जागा उरत नाही. पण मग दुसऱ्याच्या मुलाला थांबवायचे कोणी? रस्ता, फलाट, पाणी आणि उंच कठडा, या चार ठिकाणी कोणत्याही मोठ्याने कोणत्याही मुलाला थांबवावे, हात धरावा, दरडावावे, आणि त्याच्या आईने त्यावर चकार शब्द काढू नये. बाकी सर्व बाबतींत ज्याच्या त्याच्या पालकाला बाजूला घेऊन सांगावे, तेही त्याच दिवशी नव्हे. हा करार पहिल्या सहलीआधी एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.

तिसरे भांडण मतांचे. एका आईला सहलीनंतर प्रश्नपत्रिका हवी असते, पुढे परीक्षा द्यायची आहे ना! दुसरीला वाटते, प्रश्नपत्रिकाच हवी होती तर शाळा काय वाईट होती? दोघींनाही आपापल्या जागी कारण आहे. ज्यांना लिहून घ्यायचे त्यांनी ते घरी घ्यावे. सहलीत मात्र कोणाच्याही मुलाची परीक्षा घेऊ नये, कौतुकानेसुद्धा नाही. "सांग बरं, अशोक कुणाचा नातू?" हे विचारताच दोन मुले हात वर करतात आणि उरलेली मागे सरकतात.

छायाचित्रांबद्दल एवढेच, की दुसऱ्याच्या मुलाचा फोटो त्याच्या पालकांना विचारल्याशिवाय गटाबाहेर पाठवू नये.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवल्या होत्या. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. गुरे चरत असत आणि मुले शिकत असत. घरशाळेतल्या पालकांना हे उदाहरण आवडते, पण त्यातला एक भाग ते विसरतात. कुरणावर मुले आधीच एकमेकांच्या सोबत होती. इथे ती सोबत जुळवावी लागते, आणि ती वरचेवर भेटल्यानेच जुळते. सहा महिन्यांनी एक भव्य सहल काढण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी एक साधी बरी, मग ती बल्लभगढच्या राजा नाहरसिंहांच्या महालाची असो की शेजारच्या टपाल कचेरीची. दुपारी शाळा सुटणाऱ्या गल्लीतल्या मुलांनाही अधूनमधून घ्यावे. घरी कामाला येणाऱ्या बाईंची मुले असतील तर त्यांनाही, पाण्याची बाटली धरायला म्हणून नव्हे, गटातली म्हणून.

मुलांना सहलीत रिकामा वेळ द्यावा. किल्ल्याच्या हिरवळीवर निदान पाऊण तास, काहीही न शिकवता. त्या वेळी मोठ्यांनी सतरंजीवर बसून राहावे, डोळे मात्र मुलांकडे. पहिल्या सहलीत मुले आपापल्या आईला चिकटून बसतात. दुसऱ्यांदा दोघे-तिघे उठतात. चौथ्या वेळी एखादे मूल डबा अर्धा टाकून पळते आणि हाका मारल्या तरी येत नाही. ती आई तेव्हा रागावलेली नसते.

परतताना सराय स्थानक येईपर्यंत लहान मुले पेंगू लागतात. पुढची तारीख त्याच्या आतच गाडीत ठरवून टाकावी. घरी गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवायला गेले तर आठवडा जातो आणि ठरत नाही.